कैसर येण्याआधी

'कैसर' हे नाव आपल्या घरांना परके नाही. कुणाच्या मामूंचे नाव कैसर असते, कुणाच्या शाळेतल्या बाईंचे कैसरजहाँ. वाअजमध्ये 'कैसर व किसरा' असा जोडशब्द आपण लहानपणापासून ऐकतो. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जो किताब मिरवला, तोही 'कैसर-ए-हिंद' असाच होता. या साऱ्याचे मूळ रोममधल्या 'सीझर' या शब्दात आहे. ग्रीक लोक त्याचा उच्चार 'कैसार' असा करत आणि तिथून तो अरबी, फारसी, उर्दूत आला.

गंमत अशी की, मुळात हा किताब नव्हताच. ते एका घराण्याचे आडनाव होते. आपल्याकडे एखाद्या देशमुखाचे वा काझीचे आडनाव उद्या साऱ्या जगात 'बादशहा' या अर्थाने वापरले जावे, तसाच हा प्रकार. आणि हे घडले कुठे? ज्या शहरात 'राजा' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई, त्या रोममध्ये! हे कसे झाले, हा आमच्या या महिन्याच्या लेखाचा विषय आहे.

एक खुलासा आधीच करतो. पवित्र कुरआनातील 'अर्-रूम' या ३० व्या सूरहमध्ये ज्या रोमनांचा उल्लेख आहे, ते कॉन्स्टँटिनोपलहून राज्य करणारे पूर्वेकडचे रोमन होत. आम्ही ज्या काळाबद्दल लिहीत आहोत, तो त्याच्याही सहा-सात शतके आधीचा आहे.

राजा नको म्हणणारे लोक

परंपरेनुसार इ. स. पू. ५०९ मध्ये रोमच्या लोकांनी आपल्या शेवटच्या राजाला हाकलून दिले आणि पुन्हा राजा होऊ द्यायचा नाही असे ठरवले. त्यासाठी त्यांनी कारभाराची मोठी विचारपूर्वक बांधणी केली. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात. राज्यकारभार आणि सैन्याचे नेतृत्व दोन्ही त्यांच्याकडे असे, पण एकाचा हुकूम दुसरा अडवू शकत असे. वर्ष संपले की दोघेही घरी. मोठे संकट आले तर एकाच माणसाच्या हाती सारी सत्ता देत, त्याला डिक्टेटर म्हणत. त्याची मुदत फार तर सहा महिने. सुमारे तीनशे वजनदार, श्रीमंत मंडळींची सीनेट सल्ला द्यायला असे, आणि तो सल्ला सहसा कुणी मोडत नसे. सामान्य लोकांनी भांडून-झगडून आपले स्वतंत्र प्रतिनिधी मिळवले होते. त्यांना ट्रिब्यून म्हणत. त्यांच्या अंगाला हात लावणे हे पाप समजले जाई. त्यांनी एकदा 'नाही' म्हटले की कायदा तिथेच थांबे.

सैन्याची व्यवस्थाही याच विचाराची होती. पगारी फौज नव्हती. ज्याच्याकडे जमीन, तोच शिपाई. ढाल-तलवार त्याने आपल्या पैशाने आणायची. पुढे थोडाफार भत्ता मिळू लागला, पण तत्त्व तेच राहिले: ज्याला गमावण्यासारखे काही आहे, तोच शहरासाठी नीट लढेल. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नव्हती, त्यांना लॅटिनमध्ये 'प्रोलेतारी' म्हणत. म्हणजे असे लोक, ज्यांच्याकडे राज्याला द्यायला पोराबाळांखेरीज दुसरे काही नाही. आजचा 'प्रोलेटारियट' हा शब्द त्यातूनच आला. अशा लोकांना एरवी सैन्यात घेत नसत.

लढाया जवळपासच्या होत्या तोवर हे ठीक चालले. उन्हाळ्यात मोहीम व्हायची आणि शरद ऋतूतल्या पेरणीपर्यंत माणूस घरी परतायचा. या काळाची आवडती गोष्ट सिनसिनाटसची. इ. स. पू. ४५८ मध्ये रोमचे एक सैन्य शत्रूच्या वेढ्यात सापडले, तेव्हा सीनेटची माणसे त्याला शोधत शेतावर गेली. तो काम करत होता. अंगावर नीट कपडे घालून तो आला, डिक्टेटर झाला, शत्रूला हरवले आणि सोळाव्या दिवशी सत्ता सोडून पुन्हा शेतावर गेला. गोष्टीत रंग भरला गेला असेल, पण रोमच्या प्रत्येक पिढीने ती आपल्या मुलांना सांगितली. आपला नेता कसा असावा, हे त्यांनी त्या गोष्टीत जपून ठेवले होते.

मोहीम लांबली, शेत पडीक राहिले

मग युद्धे समुद्रापार गेली. कार्थेजशी झालेल्या पहिल्या युद्धात, इ. स. पू. २५६ मध्ये, रेग्युलस नावाचा कॉन्सल आफ्रिकेत सैन्य घेऊन उतरला. त्याची एक हकीकत पुढच्या लेखकांनी लिहून ठेवली आहे. सीनेटने त्याची मुदत वाढवली, तेव्हा त्याने उलट कळवले की, मला परत येऊ द्या. माझ्या सात युगेरांच्या शेतावरचा कारभारी वारला आहे आणि रोजंदारीचा गडी औत-अवजारे घेऊन पळून गेला आहे. शेत पडीक राहिले तर बायको-मुले खाणार काय? सात युगेरा म्हणजे आपले साधारण साडेचार एकर. सीनेटने ठरवले की, शेत खंडाने कसायला द्यावे, चोरीला गेलेले सामान भरून द्यावे आणि रेग्युलसच्या बायकामुलांचे पोट सरकारी खर्चाने भरावे.

ही गोष्ट लहान आहे, पण पुढच्या दोनशे वर्षांचा सारा प्रश्न तिच्यात आला आहे. लढायला गेलेल्या माणसामागे त्याचे घर कोण चालवणार? रेग्युलस सेनापती होता म्हणून सीनेटने त्याची चिंता वाहिली. त्याच्या हाताखालच्या हजारो शिपायांच्या शेतांसाठी असा कुठलाही ठराव झाल्याचे कुणी लिहून ठेवलेले नाही.

इ. स. पू. २१८ मध्ये हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. दोन वर्षांनी कॅनीच्या मैदानावर त्याने रोमचे प्रचंड सैन्य एका दिवसात कापून काढले. प्राचीन लेखक मेलेल्यांचा आकडा पन्नास हजारांच्या आसपासपासून सत्तर हजारांपर्यंत देतात. त्यानंतर हॅनिबल आणखी तेरा वर्षे इटलीत होता. दोन्ही बाजूंची सैन्ये दक्षिणेकडची पिके जाळत, जनावरे हाकून नेत फिरत होती. अखेर इ. स. पू. २०२ मध्ये रोमने आफ्रिकेत त्याला हरवले. पण युद्धे काही थांबली नाहीत. स्पेन, मॅसिडोनिया, ग्रीस, पुन्हा स्पेन. आता शिपाई एका हंगामासाठी जात नव्हता, सहा-सहा वर्षे तिकडेच अडकत होता.

लिव्ही या इतिहासकाराने एका शिपायाचे भाषण दिले आहे. इ. स. पू. १७१ मध्ये मॅसिडोनियाच्या युद्धासाठी भरती चालू होती, तेव्हाची ही गोष्ट. शिपायाचे नाव स्प्यूरियस लिगुस्टिनस. लिव्ही त्याच्यानंतर दीडशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे शब्द लिव्हीचे आहेत. पण तपशील वाचताना माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. बापाने त्याच्यासाठी एक युगेरा जमीन आणि एक झोपडे मागे ठेवले होते. त्याच झोपड्यात तो जन्मला, वाढला आणि अजून राहतो. एक युगेरा म्हणजे सुमारे पंचवीस गुंठे! बापाने चुलतबहिणीशी त्याचे लग्न लावले. तिने सोबत हुंडा आणला नाही, आणले ते आपले चारित्र्य. सहा मुलगे, दोन मुली. मुली उजवल्या, चार मुलगे हाताशी आले. इ. स. पू. २०० मध्ये तो सैन्यात गेला. बावीस वर्षे चाकरी केली. पराक्रमासाठी सेनापतींनी त्याला चौतीस वेळा गौरवले. सहा वेळा त्याला सहकाऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल ओकच्या पानांचा मुकुट मिळाला. आता वय पन्नाशीच्या पुढे गेले, तरी जिथे नेमाल तिथे उभा राहीन, असे तो म्हणाला.

लिव्हीने हे भाषण आदर्श शिपायाचा नमुना म्हणून दिले आहे. आम्हाला मात्र ते वाचताना दुसरेच दिसते. बावीस वर्षे, चौतीस गौरव, अर्ध्या जगाची लूट रोममध्ये येताना याने पाहिली, आणि जमीन अजून पंचवीस गुंठेच. त्या पंचवीस गुंठ्यांचे आठ मुलांत काय होणार होते? आणि ती बावीस वर्षे ते घर उभे ठेवणाऱ्या त्याच्या बायकोचे नावसुद्धा लिव्हीने सांगितलेले नाही.

लूट आली, ती कुठे गेली?

लूट खरोखरच अफाट होती. इ. स. पू. १६८ मध्ये मॅसिडोनियाचा पाडाव झाल्यावर इतकी संपत्ती आली की, पुढच्याच वर्षी रोमन नागरिकांवरचा युद्धकर बंद झाला. त्याच वर्षी एपिरस या प्रांतातील सत्तर गावे लुटून दीड लाख माणसे गुलाम म्हणून विकली गेली.

ही माणसे कुणी विकत घेतली? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी. जिंकलेल्या इटलीतील बरीच जमीन सरकारी मालकीची होती. ती श्रीमंतांनी हळूहळू कब्ज्यात घेतली. शेजारचा शेतकरी लढाईवर असला, मेला किंवा कर्जात बुडाला, की त्याचे शेतही मिळवायचे. तिथे द्राक्षे, ऑलिव्ह लावायची, मेंढ्या पाळायच्या, आणि राबायला गुलाम. गुलामाचा एक मोठा फायदा मालकाला होता: त्याला सैन्यात बोलावणे येत नसे. स्वतंत्र मजूर ठेवला तर ऐन हंगामात तो भरतीला जायचा. म्हणजे शेतकरी लढून गुलाम पकडून आणत होता, आणि तेच गुलाम त्याच्या शेतातून त्याला बाहेर काढत होते.

या गुलामांकडे कसे पाहिले जाई, हे केटोच्या शेतीवरील पुस्तकात दिसते. केटो हा साधेपणासाठी नावाजलेला, कडक शिस्तीचा पुढारी. तो मालकाला सल्ला देतो की, म्हातारे बैल, जुनी अवजारे यांच्याबरोबर म्हातारा आणि आजारी गुलामही विकून टाकावा. साधी राहणी म्हणजे दयाळू मन असे नव्हे, हे केटोकडे पाहून पटते.

याच केटोने आणखी एका प्रसंगी कडक भूमिका घेतली होती. कॅनीच्या पराभवानंतर स्त्रियांनी अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोने बाळगू नये, रंगीबेरंगी वस्त्रे घालू नयेत, असा कायदा झाला होता. युद्ध संपले, पुरुषांच्या अंगावर जांभळे काठ पुन्हा झळकू लागले, पण बायकांवरचा कायदा तसाच राहिला. इ. स. पू. १९५ मध्ये रोमच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांनी पुढाऱ्यांच्या वाटा अडवल्या, विरोध करणाऱ्या ट्रिब्यूनांच्या दारांत ठाण मांडले. केटोने विरोध केला, तरीही कायदा रद्द झालाच. संकटात त्याग सर्वांनी करायचा आणि संकट टळल्यावर काहींनीच तो चालू ठेवायचा, हा अन्याय त्या बायकांनी नेमका ओळखला होता. शेतकऱ्यांच्या बाबतीत तो ओळखायला आणखी साठ वर्षे लागली.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. लहान शेतकरी इटलीतून साफ नाहीसा झाला, असे जुने लेखक लिहितात. पुरातत्त्वाच्या पाहण्यांत मात्र काही भागांत छोटी शेते टिकून असल्याचे आढळले आहे. तेव्हा चित्र सगळीकडे सारखे काळे नव्हते. पण जमीन हा भडकलेला प्रश्न होता, याबद्दल शंका नाही.

दोन भाऊ

हॅनिबलला हरवणाऱ्या सिपिओची मुलगी कॉर्नेलिया. तिला बारा मुले झाली, त्यांतली तीनच जगली. ऐन वयात ती विधवा झाली. तिने दुसरे लग्न केले नाही, मुलांना उत्तम शिक्षक ठेवून शिकवले. टायबेरियस आणि गायस ग्रॅकस हे तिचे दोन मुलगे.

धाकट्या भावाने पुढे लिहिले की, टायबेरियस स्पेनच्या मोहिमेवर जाताना इट्रुरिया प्रांतातून गेला, तेव्हा त्याला शेतात परदेशी गुलामच दिसले, रोमन शेतकरी दिसेना. इ. स. पू. १३३ मध्ये तो ट्रिब्यून झाला आणि त्याने कायदा मांडला. सरकारी जमिनीपैकी एका माणसाने पाचशे युगेरा, म्हणजे सुमारे तीनशे दहा एकर, यापेक्षा जास्त ठेवू नये. मुलांसाठी काही सूट. बाकीची जमीन भूमिहीन नागरिकांना लहान तुकड्यांत वाटावी, आणि ती त्यांना विकता येऊ नये. मर्यादेचा हा नियम नवा नव्हता. जुना नियमच कुणी पाळत नव्हते. कुणाची खासगी जमीनही तो मागत नव्हता. युद्धात प्राणी-पाखरालाही आपले बीळ, आपले घरटे राहते, पण इटलीसाठी मरणाऱ्याला हवा आणि उजेड यांपलीकडे काही उरत नाही, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते.

श्रीमंतांनी ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूनला पुढे करून कायदा अडवला. टायबेरियसने त्याला मनवण्याचा प्रयत्न केला, मग लोकांच्या मतांनी त्याला पदावरून काढले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. कायदा मंजूर झाला, जमीन मोजायला तिघांची समिती नेमली गेली. त्या समितीने रोवलेले काही हद्दीचे दगड आजही सापडलेले आहेत. पण टायबेरियसने लगेच पुढच्या वर्षासाठीही निवडणूक लढवायचे ठरवले, तेव्हा 'हा राजा व्हायला निघाला' अशी आवई उठली. मुख्य पुरोहित सिपिओ नासिका सीनेटरांना घेऊन निघाला. बाकांचे पाय मोडून त्यांच्या सोट्यांनी टायबेरियसला आणि त्याच्या तीनशेहून अधिक माणसांना ठार मारले. रात्री प्रेते टायबर नदीत टाकून दिली. गायसने भावाचे प्रेत दफनासाठी मागितले, तेही दिले नाही.

दहा वर्षांनी गायस ट्रिब्यून झाला. त्याने शहरातल्या लोकांना ठरावीक भावात धान्य मिळण्याची सोय केली, शिपायाच्या कपड्यांचे पैसे त्याच्या भत्त्यातून कापायचे नाहीत आणि सतरा वर्षांखालील मुलाला भरती करायचे नाही, असे कायदे केले. इ. स. पू. १२१ मध्ये त्याचाही अंत झाला. त्याचे सुमारे तीन हजार समर्थक मारले गेले. ज्या कॉन्सलने हे केले, त्याने नंतर रोममध्ये 'एकोपा' या देवतेचे मंदिर नव्याने बांधले.

दोन्ही मुलगे गमावलेली कॉर्नेलिया समुद्रकाठच्या घरी राहायला गेली. भेटायला येणाऱ्यांना ती आपल्या वडिलांच्या आणि मुलांच्या गोष्टी सांगे, डोळ्यांत पाणी न आणता, असे प्लुटार्क लिहितो.

शिपाई कुणाचा?

कायद्याच्या वाटेने जमीन मिळत नाही, हे शिपायाला कळले. आता त्याला दुसरी वाट दिसली. इ. स. पू. १०७ मध्ये मॅरियस या सेनापतीने आफ्रिकेच्या युद्धासाठी भूमिहीनांनाही खुली भरती दिली. मालमत्तेची अट आधीपासून खाली येतच होती, त्याने ती बाजूला ठेवली. हे शिपाई शेतावर परतणार नव्हते, कारण त्यांना शेत नव्हतेच. युद्ध संपल्यावर त्यांना जमीन हवी होती, आणि ती मिळवून देणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता: त्यांचा सेनापती.

इथे सीनेटला मोठी संधी होती. निवृत्त शिपायाला राज्याने जमीन द्यायची, असा साधा नियम केला असता तर शिपाई राज्याचा राहिला असता. सीनेटने तसे केले नाही. परिणाम लवकरच दिसला. इ. स. पू. ८८ मध्ये सुल्ला या कॉन्सलने आपले सैन्य घेऊन थेट रोमवर चाल केली. अशी ही पहिलीच वेळ. त्याच्या बड्या अधिकाऱ्यांपैकी एक सोडून सारे त्याला सोडून गेले. साधे शिपाई मात्र त्याच्याबरोबर राहिले. पुढे डिक्टेटर होऊन त्याने विरोधकांच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या. यादीतल्या माणसाला कुणीही मारावे आणि बक्षीस घ्यावे. जप्त केलेल्या जमिनी त्याने आपल्या शिपायांना वाटल्या. म्हणजे एका शेतकऱ्याला उठवून दुसऱ्याला बसवले.

नंतर पॉम्पे पूर्वेकडचे मुलूख जिंकून आला, तेव्हाही सीनेटने त्याच्या शिपायांच्या जमिनीचा प्रश्न लोंबकळत ठेवला. तो इ. स. पू. ५९ मध्ये सोडवला कुणी? त्या वर्षीच्या कॉन्सलने. त्याचे नाव गायस ज्युलियस सीझर. इ. स. पू. ४९ मध्ये तो सैन्य घेऊन रुबिकॉन नदी ओलांडून इटलीत शिरला, तेव्हा त्याचे शिपाई का थबकले नाहीत, याचे उत्तर इथे आहे. सीझर आजन्म डिक्टेटर झाला. सहा महिन्यांची मुदत इतिहासजमा झाली. इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला सीनेटरांनी त्याला भोसकले. आपण एका जुलमी माणसाला मारून स्वातंत्र्य परत आणले, असे त्यांना वाटले.

पण सीझरचे नाव त्याच्या मृत्युपत्राने अठरा वर्षांच्या एका दत्तक मुलाकडे गेले होते. तो त्याच्या भाचीचा मुलगा. त्याच्याकडे ना पराक्रम, ना अनुभव. पण 'सीझर' हे नाव ऐकताच जुने शिपाई त्याच्याभोवती जमले. त्यांच्या लेखी ते नाव म्हणजे जमिनीची हमी होती. त्या हमीपोटी फिलिपीच्या लढाईआधीच इटलीतल्या अठरा शहरांच्या जमिनी शिपायांसाठी ठरवण्यात आल्या आणि लढाईनंतर पुन्हा हजारो निरपराध शेतकरी देशोधडीला लागले. इ. स. पू. २७ मध्ये हाच मुलगा ऑगस्टस झाला. इ. स. ६ मध्ये त्याने निवृत्त शिपायांसाठी वेगळा खजिना काढला आणि वारशावर पाच टक्के कर बसवून तो चालवला. सीनेटने शंभर वर्षांपूर्वी जे करायला हवे होते, ते अखेर बादशहाने केले. म्हणून लोकांनी बादशाही पचवली, आणि 'सीझर' हे आडनाव किताब बनले.

मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात सीझरचा पराक्रम असतो, त्याचा खून असतो. ग्रॅकस बंधू एखाद्या ओळीत येतात, लिगुस्टिनस तर येतच नाही. घरात हा विषय निघाला तर त्याचीही गोष्ट मुलांना सांगावी, असे आम्हाला वाटते. स्वातंत्र्य एका रात्रीत कुणी हिरावून नेत नाही. ज्यांच्या कष्टावर राज्य उभे असते, त्यांचे न्याय्य मागणे वेळेवर ऐकले नाही, ते मांडणाऱ्यांना सोट्यांनी मारले, की ते लोक मग कायद्याकडे पाठ फिरवतात आणि देणारा हात शोधतात. हात देतोही. पण तो नंतर काय काय मागून घेईल, हे त्या वेळी कुणालाच माहीत नसते.